गणपतीनंतर दिलगिरी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये नवा माणूस शिरला की दुसरा मजला गाठेपर्यंत त्याची खात्री पटायची, की इथे श्वास घ्यायला तेवढी अजून परवानगी आहे. फाटकावर फेरीवाल्यांना मनाई. फाटकाच्या आत स्कूटर लावायला मनाई. जिन्यात थुंकायला मनाई, जिन्यात बसायला मनाई, पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायला मनाई, आणि पंपाच्या खोलीपाशी विनाकारण उभं राहायला मनाई. पंपाच्या खोलीपाशी कारण असल्याशिवाय कोण मरायला उभं राहणार होतं, देव जाणे! पण मनाई होती. सगळ्या पाट्या इंग्रजीत, पांढऱ्यावर लाल, आणि सगळ्यांवरचं अक्षर एकाच माणसाचं. तो माणूस म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तिरोडकर सर.

"मराठीत लिहिलं की लोक वाद घालतात," सर सांगायचे. "इंग्रजीत लिहिलं की गप्प बसतात. कळलं तर गप्प बसतात, आणि नाही कळलं तर जास्तच गप्प बसतात."

'सर' म्हणायचं एवढंच. जन्मात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं त्यांनी. भांडुपच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते हेडक्लार्क होते आणि साहेबाच्या सहीनं निघणारी सगळी परिपत्रकं तेच लिहायचे. कामगारांनी काय काय करू नये याचा आयुष्यभर इंग्रजीत विचार केलेला माणूस. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पण विचार कसा सुटणार? तो त्यांनी घरी आणला. तळमजल्यावर सोसायटीच्या ऑफिसची एक खोली होती, तिथे संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा क्लास सुरू केला. फी नव्हती. गैरहजर राहायला मात्र मनाई होती.

मी लग्न होऊन कणकवलीकडून आले, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. ऐंशी साल उलटून थोडंच झालं होतं. घरात सासूबाई, नवरा आणि धाकटा दीर मोहन. मोहन एसी दुरुस्त करायचा आणि त्याला मस्कतला जायचं होतं, म्हणून तो क्लासला. मला कुठेच जायचं नव्हतं, पण चार भिंतींतून तासभर सुटका, म्हणून मीही. पहिल्या मजल्यावरच्या शहाबेनही यायच्या. त्यांची सून कॉन्व्हेंटमधली होती. ती फोनवर इंग्रजीत आपल्याबद्दल काय बोलते एवढं समजलं की शिक्षण पुरे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

सरांनी अभ्यासक्रम सांगितला. "इंग्रजी भाषेत मुख्य गोष्टी दोन. एक, दुसऱ्याला मना करणं. दोन, आपल्याला वाईट वाटलं असं सांगणं. बाकी सगळं शाळेतली पोरं पाठ करतात. आपण गणपतीपर्यंत मनाई करू. गणपतीनंतर दिलगिरी."

"आणि दिवाळीला, सर?" मोहननं विचारलं.

"दिवाळीला सुट्टी. मध्ये बोलायचं नाही. हे काय झालं? ही मनाई झाली. इंग्रजीत म्हण."

असा तो क्लास. मनाईच्या तीन पायऱ्या, सरांच्या मते. 'डोन्ट' हे पोरांना आणि कुत्र्यांना. 'यू मस्ट नॉट' हे बरोबरीच्यांना, म्हणजे ज्यांच्याशी भांडण होऊ शकतं त्यांना. आणि सगळ्यात वरची पायरी 'इज नॉट अलाउड'. इथे सरांचा चेहरा खुलायचा. "बघा, यात मना करणारा माणूसच नाही! कोणी मना केलं? माहीत नाही. आपोआप मना झालं. आता भांडा कोणाशी भांडता ते." कारखान्यात इतकी वर्षं त्यांनी या एका वाक्यरचनेच्या आडोशाला साहेबाला सुखरूप ठेवलं होतं, आणि आता त्याच आडोशाला स्वतः उभे होते. कोणी विचारलं, की सर, ही पतंग उडवायला मनाईची पाटी कोणी लावली, तर ते गच्चीकडे बघून म्हणायचे, "लागली आहे."

रस्त्यातही हेच. खिशात खडूचा तुकडा असायचा. रेशनच्या दुकानाबाहेर, डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर, जिथे इंग्रजी चुकलेलं दिसेल तिथे उभं राहून दुरुस्ती. लॉन्ड्रीवाल्यानं 'नो क्रेडिट प्लीज' लिहिलं होतं, त्यातलं 'प्लीज' त्यांनी पुसून टाकलं. म्हणाले, मना करताना विनंती केली की मनाई सैल पडते. लॉन्ड्रीवाला बिचारा हो हो म्हणाला आणि सर वळल्यावर काय म्हणाला ते लिहायला मलाच मनाई आहे.

सर आमच्याच गावाकडचे, पक्के मालवणी. पण भाषेची वाटणी ठरलेली. हुकूम इंग्रजीत, वाद मराठीत आणि मालवणी फक्त जेवणाबद्दल. ही वाटणी कशी चालायची ते बोंबलांच्या प्रकरणात कळलं.

सासूबाई दर उन्हाळ्यात वेसाव्याच्या कोळणीकडून ओले बोंबील घ्यायच्या आणि गच्चीत सुकवायच्या. वास शहाबेनच्या देवघरापर्यंत जायचा. शहाबेननी तक्रार केली आणि सरांनी गच्चीत मधोमध भक्कम बांबू रोवून त्यावर पाटी ठोकली. गच्चीत मासळी सुकवण्यास सक्त मनाई, इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी सर गच्चीत गेले तर त्याच बांबूपासून टाकीपर्यंत दोरी, आणि दोरीवर बोंबलांची झकास तोरणं.

सरांनी सासूबाईंना वर बोलावलं. मी मागोमाग गेले, तमाशा चुकवायचा नव्हता.

"हे काय आहे?" सर मराठीत म्हणाले.

"बोंबील," सासूबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय मला. पाटी दिसत नाही का तुम्हाला?"

"माका काय ठावक काय लिवलाहा ता! माका वाटला, सेक्रेटरीन बोंबील सुकत घालूक दांडो लावल्यान. म्हटला, चला, एक काम तरी बरा केल्यान."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक बोंबील बोटानं दाबून बघितला. मग आवाज एकदम खाली आला. "आणखी दोन दिस ऊन लागाक होया. खयचे? वेसाव्याचे?"

मनाई गच्चीतच राहिली आणि बोंबील पदराआडून तळमजल्यावर तिरोडकरांकडे पोचले. पाटीही राहिली. सासूबाईंना दरवर्षी दांडा आयताच मिळाला.

आता तुम्हाला वाटेल, विनोदी माणूस होता. होताच. पण या विनोदाची किंमत त्यांच्या घरात एकीला मोजावी लागली होती, आणि ते बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. ती म्हणजे बेबी, त्यांची एकुलती एक मुलगी.

बेबीचं नाव सुजाता, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. तिचा आवाज असा, की दूधवाल्याला 'आज दूध नको' म्हणाली तरी तो क्षणभर थांबून ऐकायचा. सरांनी तिला लहानपणापासून इंग्रजीत घोटून घोटून तयार केलेली. बीए झाली आणि सहारच्या विमानतळावर अनाउन्सर म्हणून लागली. सरांनी घरोघर पेढे वाटले. इराणी हॉटेलवाल्यालासुद्धा गाठून सांगितलं, की माझी मुलगी तीन भाषांत बोलते आणि सगळा विमानतळ ऐकतो.

मग तिला कामावर दुसरी पाळी लागली. ती सुटायची उशिरा, आणि आमचं फाटक साडेदहाला बंद व्हायचं. पंपाची मोटर चोरीला गेल्यावर सरांनी तो नियम आणला होता आणि आम्ही सगळ्यांनी मीटिंगमध्ये हात वर केले होते. किल्ली सरांकडे. एका रात्री काय झालं ते शहाबेननी गॅलरीतून पाहिलं आणि सकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला पुरवलं. बेबी फाटकाबाहेर, सर फाटकाच्या आत, किल्ली हातात. ती म्हणाली, बाबा, उघडा. सर म्हणाले, मुलीसाठी उघडलं तर उद्या दुसऱ्याच्या मुलाला कुठल्या तोंडानं अडवू? नियम सगळ्यांना सारखा. पाळी बदलून घे, नाहीतर नोकरी सोड. बेबीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि ज्या गाडीनं आली होती त्याच गाडीनं गेली. चेंबूरला तिची एक मैत्रीण राहायची. दुसऱ्या दिवशी मैत्रीण येऊन कपडे घेऊन गेली. संपलं.

मीटिंगमध्ये हात वर करणारी आमची बिल्डिंग दुसऱ्या दिवसापासून सरांना दगड म्हणायला लागली. आमचं असंच असतं. सासूबाई तर जाता-येता ऐकवायच्या, "पोरगी भायर घालवल्यान आनि आता पाटये रंगयत बसलाहा!"

त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. वर्ष गेलं, वर पावसाळाही गेला. एक गोष्ट मात्र झाली आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फाटकाला पुन्हा कधी कुलूप लागलं नाही. साडेदहाची पाटी तशीच, लाल रंग वरचेवर नवा, आणि फाटक रात्रभर सताड उघडं. पंपाची मोटर देवाच्या भरवशावर.

आणि तिरोडकर काकूंचे दात दुखायला लागले. दर गुरुवारी दुखायचे. दाताचा डॉक्टर चेंबूरलाच होता, कारण मुलुंडपासून चेंबूरपर्यंत बहुतेक कोणाला दातच नव्हते. काकू सकाळी जायच्या त्या संध्याकाळी यायच्या, चेहरा टवटवीत. सर विचारायचे, "काय म्हणाले डॉक्टर?" काकू म्हणायच्या, "बरे आहेत. थोडे बारीक झालेत."

एका बुधवारी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. सर बाजारातून आले आणि पिशवीतून खोबऱ्याच्या वड्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या डॉक्टरकडे जाते आहेस ना? हे ने. त्यांना आवडतात."

"दाताच्या डॉक्टरला गोड?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विरजणाची वाटी घेऊन सरळ घर गाठलं. नवऱ्याला म्हटलं, या माणसाला कळतं सगळं, वळत काहीच नाही. एक 'चुकलं' म्हणून टाकलं तर काय तोंडाला फोड येतो? नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आपल्यात कुठला बाप पोरीला असं म्हणालाय?" आणि ते खरंच होतं. आमच्याकडे बाप चुकला तर पोरीला नवीन फ्रॉक मिळायचा किंवा घरात मटण यायचं. शब्द कुठे यायचा? शब्दासाठी क्लास लावावा लागायचा.

तर, गणपती झाले. दिलगिरी सुरू व्हायला हवी होती. सर म्हणाले, आज मनाईची उजळणी. पुढच्या आठवड्यात पुन्हा उजळणी. नवरात्र आलं. शेवटी मोहननं तोंड उघडलं. "सर, माझा इंटरव्ह्यू आहे. शेखचा एसी माझ्या हातून बिघडला तर मी काय म्हणू?"

"म्हणायचं, तुम्ही त्याला हात लावायला नको होता."

"सर, बिघडवला मी!"

मग नाइलाजानं खडू उचलला सरांनी. दिलगिरीच्याही तीन पायऱ्या निघाल्या. 'सॉरी' हे गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला तर. 'वुई रिग्रेट' हे बँकेनं आणि सरकारनं म्हणायचं, कारण त्यात कोणा एकाला वाईट वाटायची गरज नसते. आणि तिसरी, 'आय शुड नॉट हॅव'. मी असं करायला नको होतं. "ही कठीण आहे," सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले. "यात गोष्ट होऊन गेलेली असते. आणि करणारा माणूस वाक्यात पहिल्यांदाच उभा असतो. लपायला जागा नाही. उदाहरण. मी एवढी भजी खायला नको होती."

सगळी उदाहरणं भज्यांची. मी भजी खायला नको होती, त्यानं भजी खायला नको होती, त्यांनी थंड भजी खायला नको होती. एवढ्या मोठ्या व्याकरणाला सरांनी तासभर नुसतं तळणाला जुंपलं.

"आता एकेकानं आपलं वाक्य," सर म्हणाले. मोहननं एसीचं केलं. मी दूध उतू गेल्याचं केलं. शहाबेन उठल्या. त्यांनी पदर सावरला आणि शब्द मोजत मोजत म्हटलं, "सर शुड नॉट हॅव क्लोज्ड द गेट."

मोहन बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. शहाबेन उभ्याच होत्या, त्यांना आपलं वाक्य बरोबर आलं का एवढंच हवं होतं, की आणखी काही, मला आजही सांगता येणार नाही. सर फळ्याकडून वळले नाहीत.

"व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर आहे," ते म्हणाले. "आज एवढंच."

त्यानंतर क्लास बंद झाला. मोहनचं काम मात्र झालं, मस्कतचा व्हिसा आला. आणि त्याच आठवड्यात काकू दातांहून आल्या त्या रडतच. जिन्यात मला भेटल्या आणि पहिल्यांदा दात बाजूला ठेवून बोलल्या.

"बेबीनं दिल्लीला बदली मागितलीय गं. तिथे क्वार्टर मिळतं म्हणे. सहीचं तेवढं बाकी आहे. इथे कोण आहे माझं, म्हणाली."

"सरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, डॉक्टर दिल्लीला चालले. ऐकलं आणि पाटीला रंग द्यायला गेले."

एकदा दिल्लीला गेलेली मुलगी दर गुरुवारी थोडीच भेटणार होती? आणि ती परत येण्यासाठी जे एक वाक्य हवं होतं, ते फळ्यावर लिहून पुसून झालं होतं.

मोहनला सोडायला आम्ही टेम्पो केला. तेव्हा गल्फला कोणी निघाला की पोचवायला निम्मी बिल्डिंग जायची. सकाळचं विमान होतं. हार, नारळ, सासूबाईंचा डबा, सासूबाईंचं रडणं, सगळं टेम्पोत चढलं. शेवटी इस्त्रीचा बुशशर्ट घालून तिरोडकर सर आले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. मी काकूंना खिडकीतून खूण केली, तुम्ही? त्यांनी मान हलवली. फाटकापर्यंत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "मी असले तर मलाच बोलायला लावतील. जाऊ दे एकटे."

विमानतळावर भेटायला येणाऱ्यांच्या हॉलमध्ये आम्ही बस्तान मांडलं. आमच्यासारखी आणखी पुष्कळ खटली होती, रडणारी, फोटो काढणारी, फरशीवर डबे उघडून बसलेली. सरांनी मोहनला अखेरचा धडा दिला, की तिकडे लिहिलेली प्रत्येक मनाई पाळ, आणि मोहननं त्यांच्या पाया पडून घेतलं. तेवढ्यात वरच्या कर्ण्यातून आवाज आला. मस्कतला जाणाऱ्या विमानाला उशीर होत आहे, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत.

"अगे माझे बाये! आमची बेबी!" सासूबाई हॉलभर ऐकू जाईल असं ओरडल्या, आणि आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो, जशी काही ती तिथे वर बसली होती. सरही बघत होते.

"आवाज स्पष्ट आहे," ते म्हणाले. एवढंच.

"जाऊन भेटा ना सर," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे काय, जवळजवळ ढकललंच. सर चौकशीच्या काउंटरवर गेले आणि लगेच परत आले. ड्युटीवरच्या माणसांना नातेवाइकांनी भेटायला परवानगी नव्हती. "बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम आहे. असायलाच हवा." आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले. माझ्या मनात आलं, झालं, वाट लागली! आता हा माणूस असाच बसणार, असाच टेम्पोत चढणार आणि घरी जाऊन नवीन पाटी रंगवणार.

थोड्या वेळानं पुन्हा कर्णा वाजला. विमानाला आणखी उशीर. पुन्हा तिन्ही भाषांत दिलगिरी. शेवटचा मराठी शब्द संपला आणि सर उठले, ताठ चालत काउंटरवर गेले. मी मागे. तमाशा म्हणून नाही, या वेळी भीती वाटली म्हणून.

"आय वॉन्ट टु लॉज अ कम्प्लेंट," सर काउंटरवरच्या अधिकाऱ्याला म्हणाले. "अगेन्स्ट द अनाउन्सर. प्लीज कॉल हर."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण त्यांचं डोकं कसं चाललं ते मला तिथेच समजलं. नातेवाइकाला भेटायला मनाई होती. तक्रार करायला मनाई नव्हती. माझी मुलगी आहे, तिला बघायचंय, तिला बोलवा, असं सरळ सांगून नियमातून सूट मागणं या माणसाच्या रक्तात नव्हतं. नियमात बसेल असा एकच रस्ता त्याला सापडला, आणि तो नेमका सगळ्यात वाईट होता.

अधिकाऱ्यानं फोन उचलला. बाजूचं दार उघडलं आणि बेबी आली. युनिफॉर्मची निळी साडी, केस घट्ट बांधलेले, खरंच बारीक झालेली. येताना चेहऱ्यावर नोकरीचं हसू होतं. सर दिसले आणि ते गेलं.

"ये साहब आपके खिलाफ कम्प्लेंट करना चाहते हैं," अधिकारी म्हणाला आणि त्यानं छापील कागद पुढे ओढला.

बेबी पांढरीफटक पडली. हळू आवाजात, पण प्रत्येक शब्द ऐकू येईल अशी म्हणाली, "बाबा, माझी बदली सहीला आहे. आता तक्रार लागली तर तीही जाईल आणि ही नोकरीही जाईल. तुम्हाला माहितीये ना ते? त्यासाठीच आलात का?"

सरांना ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तक्रारी लिहिल्या, नोटिसा लिहिल्या, त्या दुसऱ्या टोकाला कोणाच्या हातात पडतात हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदा पाहिलं. आमची सगळी वरात एव्हाना मागे येऊन उभी राहिली होती, हातात हार घेऊन.

"नेचर ऑफ कम्प्लेंट?" अधिकाऱ्यानं पेन उघडलं.

सरांनी एक हात काउंटरवर ठेवला.

"हिच्याविरुद्ध नाही," ते म्हणाले. "माझ्याविरुद्ध लिहा." मराठीत बोलताहेत हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. "हिला मी घराबाहेर ठेवलं. किल्ली माझ्या हातात होती. मी उघडलं नाही. चूक माझी आहे. माझी एकट्याची. बेबी, माझं चुकलं गो."

अधिकारी मराठी नव्हता, पण मुंबईत राहून तेवढं त्याला समजत होतं. त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा बेबीकडे, मग पेनाचं टोपण लावलं.

"अंकल," तो म्हणाला, "इसका फॉर्म नहीं है हमारे पास."

सासूबाईंनी मोठ्यानं नाक ओढलं. मोहन रडत होता, पण तो सकाळपासूनच रडत होता. मीही रडले, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. बेबी मात्र रडली नाही. ती काउंटरच्या पलीकडे उभी राहून बापाकडे बघत राहिली, बराच वेळ, जसं काही तिला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं आणि पुन्हा म्हणायला लावायची हिंमत होत नव्हती.

"दोनला सुटते मी," ती म्हणाली. "तिथे बाकावर बसा. आणि मी येईपर्यंत कोणाला काही शिकवू नका."

दार बंद झालं. थोड्या वेळानं मोहनचं विमान लागलं, आणि ते सांगतानाही तिचा आवाज तसाच स्पष्ट होता. मोहन गेला. सासूबाईंना दोघांनी धरून टेम्पोत चढवलं. मी सरांना विचारायला गेले, थांबू का सोबत? त्यांनी हातानंच जा म्हटलं.

टेम्पो वळताना काचेतून हॉलचा तो कोपरा दिसला. सर बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांच्या डोक्यावर धूम्रपान मनाईची पाटी होती आणि शेजारी एक मनुष्य पाय पसरून खुशाल सिगारेट ओढत होता. धूर सरळ सरांच्या तोंडावर येत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मग त्या बंद दाराकडे बघत गप्प बसून राहिले.